द्वारा

निंगव्वा दारात उभी होती, हातात फॉर्म,
पाय चिऱ्याच्या लाल भुकटीने माखलेले,
म्हणून उंबऱ्याच्या आत येत नव्हती.
'मामा, सही पाहिजे. सुवर्णाला शाळेत घालतो.
आधार इकडचा मागतात. विजापूरचा नको म्हणतात.'

मागच्या पडवीतल्या दोन खोल्या त्यांना दिल्यात.
करार अकरा महिन्यांचा, माणसं आठ महिन्यांची.
चिरेखाणीत पाणी भरलं की गाठोडी बांधून जातात,
इकडची भातं कापून झाली की परत येतात,
तोच तवा, तोच टेबलफॅन,
पोरगी मात्र वीतभर उंच.

मी म्हटलं, बघू.
तीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली,
'बघू' म्हणजे काय ते मला ठाऊक आहे:
गाडी भरली आहे, पण डबल बेल अजून दिलेली नाही.

संध्याकाळी सोनू भुवड कानाशी लागला.
'भाडा घे, पत्ता नको देव.
नाव एकदा कागदावर चडला का उतारत नाय.
उद्या मतदार होतील, परवा रेशन,
तेरवा तुज्याच पडवीवर हक्क सांगतील.'
हिरावतीने चहा ठेवला, बोलली काहीच नाही.
तिचं हे न बोलणं
मला चाळीस वर्षांत एकदाही स्वस्तात पडलेलं नाही.

रात्री ट्रंक उघडली. घरपट्टीची पावती हवी होती,
म्हणजे द्यायची नाही असं ठरलं तरी
हाताशी असावी, एवढ्याचसाठी.
हाती आला भलताच कागद,
कसरीने कडा खाल्लेला, तलाठ्याच्या जांभळ्या शाईचा.
राघो धोंडू गोताड. कुळ.
खोताच्या उताऱ्यावर, इतर हक्कात,
एवढंसं,
पंगतीत टोकाला, अर्ध्या पाटावर बसावं तसं.

ते नाव लावायला आजा सात वेळा गुहागरला चालत गेला.
खोताचा कारकून दर वेळी म्हणायचा, बघू.
पुढे बत्तीस ग चं सर्टिफिकेट मिळालं,
ही जमीन, हे जोतं, हा माड, ही पडवी,
सगळं त्या एका ओळीला फुटलेलं.

म्हणजे सोनू खोटं बोलत नव्हता.
नाव चढलं की उतरत नाही.
आम्ही कुठे उतरलो?

भीती वाटली नाही असं नाही. वाटली.
खोताला वाटली असेल तशीच, त्याच जागी, बरगडीखाली.
सकाळी सही करताना पेन दोनदा झटकलं,
चालत होतं तरी.
निंगव्वाने फॉर्म पदराखाली धरला
आणि पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत येऊन
हिरावतीला म्हणाली, पाणी द्या.

ऑगस्टात पोस्टमन आला. पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत.
खोल्यांना कुलूप, ती माणसं तिकडे तुरीत.
'फोडू नका,' हिरावती म्हणाली, 'दुसऱ्याचं आहे.'
पण वरच्या झिरझिरीत खिडकीतून दिसत होतं:
निंगव्वा हणमंत तळवार
द्वारा भिकाजी सखाराम गोताड
घर नं. ४१२, खालची वाडी.
एवढी वर्षं या घरात राहून
मी माझा पत्ता कधी असा वाचला नव्हता,
दुसऱ्या कुणाच्या नावाखाली.
दोनदा वाचला.

पाकीट तांदळाच्या डब्यात ठेवलं, ओल लागू नये म्हणून.
मग पडवीत जाऊन कुलूप काढलं.
दोन कौलं सरकलेली, बरोबर खाली सुवर्णाची पाटी,
तिच्यावर पाण्याने अर्धं पुसलेलं काहीतरी, कानडीत.
मला वाचता आलं नाही.

शिडी आणायला गेलो.